सहाची दोरी

१ मार्च

आत्या,

नमस्कार आधीच पोचला असं धर. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस, म्हणून पत्र लिहितोय.

नोकरी लागली. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत, आणि तीही आपल्याच जुन्या गावात. दिवसभर नदीच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या, त्यांच्यात काय काय आहे ते तपासायचं आणि वहीत लिहायचं. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून बंधारा दिसतो. बाबा गेले ते त्याच्याच वरच्या डोहात, हे मला माहीत आहे. तू सांगायला नकोस. आईने ते काम चोख केलंय. मी इथे येतोय म्हटल्यावर आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती.

तर आता कामाचं. आईच्या माळ्यावरून बाबांची मासे धरायची काठी काढून आणली, पिसांच्या खोट्या माशीची. तेव्हा वेताच्या झुडपात अडकलेली सापडली होती ना, तीच. काठी धडधाकट आहे, रील मात्र नाही. मुठीच्या वर ६ हा आकडा कोरलाय. इथल्या दुकानात गेलो तर दोरीच्या डब्यांवर सगळी बाराखडी. डब्ल्यूएफ-६-एफ, डीटी-५-एफ, आणि काय काय. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, कुठलीही घ्या, पाण्यात सगळ्या सारख्याच. मला तू आणि तुझं दोऱ्यांचं दुकान आठवलं. तू असतीस तर त्याला काउंटरवरून खाली ओढलं असतंस.

डोहाच्या पलीकडे एक काळा खडक आहे. मोठे मासे त्याच्या सावलीत बसतात म्हणे. बाबांना तिथे माशी टाकायची होती. मी सात वर्षांचा होतो, पण जेवताना ते हाताने तो खडक दाखवायचे हे मला आठवतं. मला तिथे एकदा माशी टाकायची आहे. एकदाच. मग काठी परत माळ्यावर.

कुठली दोरी घेऊ ते सांग.

तुझा
बारक्या


६ मार्च

बारक्या,

सुखात राहा, पायात कोरडे मोजे घाल आणि त्या दुकानदाराच्या दुकानात पुन्हा पाऊल टाकू नकोस. सगळ्या सारख्या म्हणे! त्याला म्हणावं, तू आणि तुझा मेहुणा पण सारखेच, चालेल का बायकोला?

नीट ऐक. साध्या गळाला शिसं असतं, शिसं पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागे. आपली माशी पिसांची. फुंकर मारली तर उडेल. तिला कसलं वजन? म्हणून इथे दोरीच वजन. दोरी मागे गेली की काठी वाकते, काठी सरळ झाली की दोरी पुढे जाते, माशी आपली शेपटीला बांधून जाते. दोरी काठीच्या मानाने हलकी असली तर काठी वाकतच नाही, हातात नुसता बांबू. जड असली तर काठी लुळी पडते.

म्हणून आकडे. डब्यावरची पहिली अक्षरं दोरीचा आकार सांगतात, शेवटचं अक्षर ती तरंगते की बुडते ते, आणि मधला आकडा म्हणजे वजन. सगळ्या दोरीचं नव्हे बरं का. टोकाकडची बोटभर सरळ दोरी सोडायची आणि तिथून पुढचे तीस फूट मोजायचे, तेवढ्याचंच वजन. ते ग्रेन नावाच्या मापात धरतात. चाराची दोरी एकशेवीस ग्रेन, पाचाची एकशेचाळीस, सहाची एकशेसाठ. सहाची म्हणजे तुझ्या भाषेत दहा ग्रॅम आणि वर थोडं. पाच-सात ग्रेन इकडेतिकडे चालतात, त्याहून जास्त नाही. जगात कुठेही जा, सहा म्हणजे सहाच. काठीवर सहा, दोरी सहाची. इतकं सोपं आहे, पण माणसांना सोपं नको असतं.

कारखानेही कधीकधी चुकतात, म्हणून माझ्या दुकानातून एकही दोरी न तोलता जात नाही. तोलली की टोकाला लाल दोरा गुंडाळते. रुंद पट्टा म्हणजे पाच, बारीक पट्टा म्हणजे एक. तुझ्या दोरीवर एक रुंद आणि एक बारीक दिसेल. माझा दोरा दिसला की डबा बघायचा नाही.

दोरी आणि जुनं एक रील पाठवतेय. दोरी मी स्वतः तोलून, दोरा गुंडाळून दिली आहे. तरंगणारी आहे. काठावरूनच टाक. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला गवताजवळ लहान मासे पुष्कळ आहेत, त्यांच्यावर हात बसू दे. खडक कुठे पळून जात नाही.

आईला पत्र टाक. ती बोलली नाही तरी वाचेल.

आत्या


२७ मार्च

आत्या,

रील मिळालं, दोरी मिळाली, लाल दोराही दिसला. इथल्या पंपवाल्या काकांना दाखवला तर हातात घेऊन बघत राहिले. म्हणाले, ही खूण ओळखतो. तुझं दुकान पूर्वी इथे स्टेशनसमोर होतं ना, त्यांना आठवतं. पंपघरात तीस वर्षं आहेत. बोलणं कमी, चहा फार.

तीन रविवार झाले. पहिल्या रविवारी माशी माझ्याच टोपीत अडकली. दुसऱ्या रविवारी झाडात. काल पहिल्यांदा पाण्यात पडली, पण दोरी नुसता ढीग होऊन. तू म्हणालीस काठी वाकते. माझी वाकत नाही गं. हातात बांबू. मागे नेतो, पुढे आणतो, मनगट दुखतं, आणि दोरी जेमतेम आठ-नऊ मीटर. काळा खडक कुठे आणि मी कुठे!

एक पुस्तक आणलंय, त्यात लिहिलंय तसंच करतोय. मग चूक काय? माझा हात बाबांवर गेला नाही वाटतं.

गवताजवळचे मासे माझ्या करंगळीएवढे आहेत. त्यांना पकडलं तर मलाच लाज वाटेल.

बारक्या


१ एप्रिल

बारक्या,

तीन रविवारांत माणूस दोरी टाकायला शिकला असता तर मी दुकान कशाला चालवलं असतं, सगळे आपापल्या घरी मासे तळत बसले असते. हात आहे तो, यंत्र नाही. मनगट मोडू नकोस, कोपरातून टाक. मागे नेलीस की थांब. मनात ‘एक’ म्हण, मग पुढे आण. घाई करणाऱ्याची दोरी ढीगच होते.

नऊ मीटर म्हणजे वाईट नाही. खरं सांगू? मला बरंच वाटलं. पहिल्या वर्षी कोणी खडकापर्यंत पोचत नाही. दोन वर्षांत पोचशील, कदाचित तोपर्यंत कंटाळशीलही. तुझी बदली होईल, लग्न होईल, मग बायको रविवारी बाजारात नेईल.

दोरीला दोष देऊ नकोस. तिच्यावर माझा दोरा आहे.

आणि काठावरच राहा. बूट ओले झाले तर मला कळेल असं समज.

आत्या


१० एप्रिल

आत्या,

तुझा ‘एक’ म्हणून झाला, दोन म्हणून झाला, शंभरापर्यंत मोजलं. दोरी काही पुढे जात नाही. मग माझं डोकं चाललं. दोरी पोचत नसेल तर माणसानेच पुढे जायचं! इतकं साधं कसं सुचलं नाही?

डोहाचा तळ बारीक गोट्यांचा आहे आणि हळूहळू उतरत जातो. परवा शनिवारी गुडघ्यापर्यंत गेलो. खडक तीन मीटर जवळ. काल मांडीच्या वर, जवळजवळ कंबर. पाणी गार आहे, पहिली पाच मिनिटं दात वाजतात, मग पाय आपले राहत नाहीत आणि काही वाटत नाही. ओढ आहे, पण फार नाही, गोटे टाचेखालून हळूच सरकतात तेवढंच. उभं राहून थोडं तिरकं व्हायचं. आता खडक आणि माझी माशी यांच्यात फक्त चार-पाच मीटर उरलेत. काल एका माशाने वर येऊन पाणी हलवलं. पाठ एवढी रुंद, आत्या, की मी दोरी टाकायचीच विसरलो.

पंपवाले काका काठावर बसून होते. मी वर आल्यावर म्हणाले, तुझे बाबाही असेच करायचे. दर रविवारी दोन पावलं पुढे. शेवटी शेवटी छातीपर्यंत पाण्यात उभे असायचे, काठी डोक्यावर धरून. मला इतकं बरं वाटलं ऐकून. म्हणजे मीही त्यांच्यासारखंच शिकतोय. त्यांचाही हात पहिल्यापासून बसला नव्हता तर.

काका मात्र हसले नाहीत. म्हणाले, पुढे गोटे संपतात. कुठे, ते विचारलं तर म्हणाले, दर पावसाळ्यानंतर जागा बदलते.

छातीपर्यंत येणारी रबरी पँट ऑफिसातल्या एकाकडून मागून घेतली. येत्या रविवारी, सोळा तारखेला, पोचतो की नाही बघ. त्यानंतर बंधाऱ्याचे दरवाजे दुरुस्तीला बंद होणार आणि पाणी चढणार, मग पावसाळ्यापर्यंत डोह मिळायचा नाही. म्हणून हाच रविवार.

आईला कळवू नकोस.

बारक्या


१४ एप्रिल

बारक्या,

पत्र आत्ता दुपारी मिळालं. दुकानाला कुलूप लावून पोस्टात उभी राहून लिहितेय. हे रविवारच्या आत तुझ्या हातात पडेल ना, असं खिडकीतल्या बाईला तीनदा विचारलं. पडेल म्हणाली असावी. तिचे ओठ तसे हलले.

पाण्यात उतरू नकोस. आधी ते वाच, मग पुढचं.

तुझा हात चांगला आहे. दोरी खोटी आहे. तुला पाठवली ती सहाची नाही, चाराची आहे. मी चाराची तोलली, चाराची म्हणून बाजूला ठेवली आणि तिच्यावर सहाचा दोरा गुंडाळला. दोन आकडे हलकी दोरी त्या काठीला कधीच वाकवणार नाही, नवशिक्याच्या हातात तर नाहीच. मला वाटलं, तुझी माशी काठाजवळच पडेल, तू दोन महिने चिडशील, मग सोडून देशील. ‘जाऊ नकोस’ म्हटलं असतं तर तू मुद्दाम गेला असतास. तुमच्या घरातली रीतच ती. म्हणून तोंडाने काही बोलले नाही, दोरीनेच तुला बांधून ठेवलं असं मला वाटत होतं.

आणि तू दोरीऐवजी स्वतः पुढे गेलास. हे मला सुचायला हवं होतं. चाळीस वर्षं दोऱ्या विकते, मला सुचायला हवं होतं.

आयुष्यात पहिल्यांदाच मी खोटा दोरा गुंडाळला. त्याची लाज मी वाटेल तशी भोगेन, तू मला वाटेल ते बोल. पण काठी खाली ठेव.

तुझ्या ऑफिसला फोन लावला होता. कोणीतरी उचलला. मी ओरडून सांगितलं, त्याला रविवारी पाण्यात जाऊ देऊ नका. पलीकडून काहीतरी बोलणं झालं, पुष्कळ वेळ झालं, आणि मला एक अक्षर कळलं नाही. मग पलीकडून फोन ठेवल्याचा खटका तेवढा कळला. निरोप घेतला की वेडी बाई म्हणून हसले, देव जाणे.

उतरू नकोस रे बाळा.

आत्या


१५ एप्रिल, शनिवार संध्याकाळ

आत्या,

म्हातारी झालीस हं तू!

आज दुपारी काम कमी होतं. आमच्याकडे एक तराजू आहे, काचेच्या पेटीतला, श्वास सोडला तरी काटा हलतो. म्हटलं, आत्याचा दोरा तपासूया. साहेब जेवायला गेले होते. टोकाची सरळ दोरी सोडून तीस फूट मोजले, वेटोळं करून ताटलीत ठेवले, बाकीची शेजारच्या स्टुलावर. सात पूर्णांक आठ ग्रॅम! तीनदा केलं, तेच. तुझ्या पत्रातले ग्रेन काढून हिशेब जुळवला तर एकशेवीस. आत्याबाई, तुम्ही मला चाराची दोरी पाठवलीत!

मी इतका हसलो की शेजारच्या टेबलावरचा माणूस बघायला आला. म्हणजे माझा हात बरा आहे! एवढे रविवार मी स्वतःला शिव्या घालत होतो. चष्मा बदल, आणि चार-सहाचे डबे वेगवेगळ्या फळीवर ठेव. गिऱ्हाइकाला असं पाठवलंस तर दुकान बुडेल. मी घरचा, म्हणून माफ.

सहाची पाठव, पण उद्यासाठी ती पोचायची नाही. हरकत नाही. उद्या याच दोरीने बघतो. चार-पाच मीटरचाच प्रश्न आहे, तेवढं मी पाण्यात चालून भरून काढतो. रबरी पँट दारामागे टांगली आहे, मला बघून तीच घाबरलेली दिसते.

ऑफिसात काल कोणा बाईचा फोन आला होता म्हणे, खूप ओरडत होती. पाण्याला वास येतो अशी तक्रार असणार. रोज एक असते.

तुझा हुशार भाचा


१९ एप्रिल

बारक्या,

तुझं शनिवारचं पत्र आज आलं. रविवारचं काही आलं नाही. सोमवारचं नाही.

दुकान उघडलं, पण काउंटरवर बसवत नाही. फोन लावला की कोणी उचलत नाही, किंवा उचलतात आणि मला कळत नाही. शेजारच्या शिंप्याला माझ्या वतीने बोलायला बसवलं, तर तो म्हणाला, प्रयोगशाळेत तू तीन दिवस आलेला नाहीस, एवढंच सांगतात.

तुझ्या आईला अजून कळवलेलं नाही. हात उचलत नाही. एक ओळ लिही. रिकामं पाकीट टाकलंस तरी चालेल, वर तुझं अक्षर असू दे.

आत्या


२५ एप्रिल

आत्या,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं सोमवारी आलं. रविवार होऊन गेला होता.

मी जिवंत आहे. ताप होता, आता उतरलाय.

रविवारी सकाळी नऊला उतरलो. पाणी छातीला लागलं तेव्हा खडक हाताच्या अंतरावर वाटत होता. दोरी टाकली, दीड मीटर कमी पडली. म्हणून एक पाऊल टाकलं, आणि खाली काहीच नव्हतं. रबरी पँटमध्ये वरून पाणी शिरलं. पाय वर येईनात. मी ओरडलो की नाही आठवत नाही, तोंडात पाणी होतं. पंपघरातली कचरा ओढायची लांब आकडी असते, काकांनी ती माझ्या पट्ट्यात अडकवली. ते सकाळपासून ती घेऊनच काठावर बसले होते, हे मला नंतर कळलं. काठी वाहून गेली.

मला त्यांच्या खोलीत तीन दिवस झोपवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून कापडात बांधलेलं एक रील काढलं. बाबांचं. पंपाच्या जाळीला आलं होतं, बाबा सापडले त्याच्या दुसऱ्या दिवशी. आईला नेऊन द्यायचा त्यांना धीर झाला नाही, आणि नंतर द्यायची वेळ गेली. एकोणीस वर्षं त्यांच्याकडे होतं. तुमचा लाल दोरा अजून आहे. एक रुंद, एक बारीक.

दोरी कडक झालीय, जागोजागी तडे आहेत. मी काल ती प्रयोगशाळेत नेली. वेटोळं होईना, म्हणून तीस फूट कापले. नऊ पूर्णांक एक ग्रॅम. एकशेचाळीस ग्रेन. दोनदा तोललं, वाळवून पुन्हा तोललं.

पाचाची आहे.

तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘आयुष्यात पहिल्यांदाच’. ते पत्र आणि बाबांची दोरी माझ्या टेबलावर शेजारी शेजारी आहेत. सगळे मला लहानपणापासून सांगत आले की बाबा हट्टाने गेले. आई सांगते, तुम्ही सांगता. कोणी मासेमारीचा विषय काढला की तुम्ही म्हणायचात, माझा भाऊ हट्टी होता.

मला एकच विचारायचं आहे. बाबा दर रविवारी नदीवर असायचे. हात बसलेला माणूस होता. त्यांना दोरीचा संशय आला नाही? त्यांनी तुम्हाला कधी विचारलं नाही?

हे आईला मी सांगायचं की तुम्ही, ते ठरवा.

बारक्या


२९ एप्रिल

बारक्या,

तू जिवंत आहेस हे वाचून मी खाली फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले. मला माझाच आवाज नीट ऐकू येत नाही, पण शिंपी धावत आला, म्हणजे मोठ्याने असणार. त्यानंतर बाकीचं वाचलं. ‘तुम्ही’ म्हणालास, ते बरोबर आहे.

‘पहिल्यांदाच’ हे खोटं लिहिलं. पोस्टात उभी राहून घाईत लिहीत होते, तरी खोटं बरोबर जागेवर उतरलं. सवय झाली होती त्याची.

त्या वर्षी तुझा बाबा डोहाच्या नादी लागला होता. एकदा घसरून घरी आला, गुडघा फुटलेला, आणि हसत होता. तुझी आई दुकानात येऊन रडली. मी त्याला सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं, तो नाही म्हटल्यावर पेटायचा. तेव्हा त्याला नवी दोरी हवी होती. मी सहाचा दोरा गुंडाळून पाचाची दिली. एकाच आकड्याचा फरक, थोडी कमी जाईल, खडकाचा नाद सुटेल, असं वाटलं. मला शहाणपणाचं वाटलं रे. मी स्वतःवर खूश होते.

तो गेल्यावर मी काय समजले, तेही सांगते, लपवून आता उपयोग नाही. मला वाटलं, दोरी पुरेशी हलकी नव्हती. पाचाची दिली म्हणून त्याला आशा राहिली. अजून हलकी दिली असती तर त्याने नाद सोडला असता. एकोणीस वर्षं मी हेच धरून बसले. म्हणून तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी पाचाच्या फळीकडे गेलेच नाही. चाराची काढली. तुला वाचवायला.

तू लिहिलंस, दोरी पोचत नसेल तर माणसानेच पुढे जायचं. आणि काकांचं ते बोलणं, दर रविवारी दोन पावलं. ते वाचलं तेव्हा मला कळलं की तो हट्टाने गेला नव्हता. मी जेवढी दोरी हलकी केली, तेवढा तो आत गेला. तुलाही मी तसाच आत ढकलत होते, आणि तुझी पत्रं वाचून हसत होते.

तुझ्या आईला मीच सांगेन. सोमवारच्या गाडीने निघते. दारात उभी करेल की नाही, माहीत नाही.

तू विचारलंस ते राहिलं.

हो, विचारलं होतं. तो गेला त्याच रविवारी, सकाळी. मी शटर अर्धंच वर केलं होतं, तो वाकून आत आला. काठी बाहेर टेकवून ठेवली होती. रीलवरून हातभर दोरी सोडवून त्याने बोटांनी चाचपली आणि म्हणाला, ‘ताई, काठी काही केल्या वाकत नाही गं. हात बिघडला म्हणावं की दोरी? ही नक्की सहाची आहे ना?’ तराजू आमच्या दोघांच्या मध्ये होता. मी म्हटलं असतं तर दोन मिनिटांत तोलून झालं असतं. त्याची नजर एकदा तराजूकडे गेली, मग माझ्याकडे.

मी म्हटलं, सहाचीच आहे.

त्याने दोरी परत गुंडाळली. ‘तू म्हणतेस म्हणजे सहाचीच,’ असं म्हणाला, आणि नदीवर गेला.

आत्या